शिकविणें कीं विकणें?

एखाद्या शहराच्या मनांत काय चाललें आहे हें जाणावयाचें असल्यास तेथील पाट्या वाचाव्या, असें आमचें जुनें मत आहे. अमरावतींत राजापेठेकडून गाडगेनगराकडे कोणी पायीं निघाला, तर त्यास वाटेंत स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिका भेटतील, इंग्रजी संभाषणाचे वर्ग भेटतील, टंकलेखनाची एखादी जुनी संस्थाहि भेटेल. आणि ह्या सर्वांच्या दाटींत, बहुधा दुसऱ्या मजल्यावर आणि बहुधा झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर, 'हार्डवेअर व नेटवर्किंग' अशी पाटी दिसेल. अकोल्यास गेलें तरी हाच देखावा. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सी. सी. एन्. ए.' लिहिलेलें असतें, आणि त्याखालीं, अंमळ लहान परंतु अधिक ठळक अक्षरांत, 'नोकरीची हमी'. वरच्या चार अक्षरांचा अर्थ फारच थोड्या आईबापांस ठाऊक असतो. खालच्या दोन शब्दांचा सर्वांस असतो. फी दिली जाते ती खालच्या दोन शब्दांसाठीं.

ज्या वाचकांच्या घरीं अद्याप हा प्रश्न आलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. दोन किंवा दोन लक्ष संगणक एकमेकांस जोडावे, प्रत्येकास पत्ता द्यावा, एकाचा निरोप दुसऱ्यास बिनचूक पोंचेल अशी व्यवस्था लावावी आणि ती बिघडली तर दुरुस्त करावी, ह्या विद्येस नेटवर्किंग म्हणतात. बँकेंतील पैसा, इस्पितळांतील तपासणीचा कागद, रेल्वेचें तिकीट, सर्व कांहीं आज ह्याच व्यवस्थेवर चालतें. ह्या व्यवस्थेचीं यंत्रें बनविणाऱ्या सिस्को नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९९८ सालीं सी. सी. एन्. ए. ही परीक्षा सुरूं केली. परीक्षेची वेळ १२० मिनिटें, फी ३०० डॉलर आणि वर कर. म्हणजे आपल्याकडे तीस हजार रुपयांच्या घरांत. उत्तीर्ण झाल्यास मिळणारा दाखला तीन वर्षें चालतो. २००७ सालीं ह्या परीक्षेखालीं आणखी एक ठेंगणी पायरी बसविण्यांत आली होती. २४ फेब्रुवारी २०२० रोजीं ती काढून टाकली. २०२३ सालीं निराळ्या नांवानें पुनः एक बसविली. परंतु आमच्याकडील पाट्यांना ह्या चढउताराचें सोयरसुतक नाहीं. त्या सी. सी. एन्. ए. लाच पहिली पायरी म्हणतात; ती गुडघ्याइतकी उंच आहे कीं कमरेइतकी, हें चढणाऱ्यानें चढतांना पाहून घ्यावें.

आमच्या घरीं हा प्रश्न भाचीच्या रूपानें आला. ती अकोल्याची, विज्ञानाची पदवी घेऊन तिला वर्ष झालें होतें. तिचे वडील, म्हणजे आमचे जवाईबुवा, एका जिनिंगमध्यें हिशेबनीस आहेत. फसलें जाण्याचें दुःख हिशेबाच्या माणसास इतरांपेक्षां अधिक होतें. कांहीं वर्षांपूर्वीं थोरल्या मुलासाठीं त्यांनीं एका मोठ्या शहरांतील अशाच एका वर्गाची फी भरली होती. सहा महिन्यांनीं मुलगा परत आला तेव्हां त्याच्या हातांत त्या वर्गानेंच छापलेला एक गुळगुळीत दाखला होता. आणि हमी होती ती नोकरीची नसून मुलाखतीची, असें पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरांत आढळलें. तो दाखला अद्याप त्यांच्या कपाटांत आहे. आतां मुलीनें अमरावतीच्या एका वर्गाचें नांव काढतांच जवाईबुवांनीं आम्हांस फोन केला. “दादा, एक डाव हात पोयला आमचा. तुम्ही मास्तर मानूस. बसून पाहा अन् मले सांगा, हे लोक शिकवून राहिले का नुसते इकून राहिले.”

शिक्षणावरील पुष्कळ जाड ग्रंथ ह्या एका प्रश्नास बगल देऊन लिहिलेले असतात. आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. आतां निवृत्त आहों. भाची आमच्याकडे राहावयास आली, वर्गाच्या चालकांनीं परवानगी दिली, आणि आम्ही सायंकाळीं शेवटच्या बांकावर जाऊन बसूं लागलों. पहिल्या दिवशीं दोघां-तिघां मुलांनीं आम्हांस तपासणी-अधिकारी समजून उठून नमस्कार केला.

पहिला आठवडा तारेचा होता. बाहेरून एक दिसणाऱ्या तारेच्या पोटांत आठ बारीक तारा असतात, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींस पीळ घातलेली. टोंकाशीं हा पीळ उलगडून आठहि तारा ठराविक क्रमानें लावावयाच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग त्या एका लहानशा पारदर्शक टोपणांत सारून चिमट्यानें दाबावयाच्या. ह्यास मुलें 'क्रिम्पिंग' म्हणतात. पहिल्या दिवशीं वीस टोपणें फुकट गेलीं आणि शिक्षकानें त्याबद्दल कोणास बोल लावला नाहीं, हें आम्हीं मनांत टिपून ठेवलें; कारण ज्या वर्गांत वस्तु वांचविण्याकडे लक्ष असतें तेथें मुलांचे हात वायां जातात.

एका मुलानें विचारलें, “सर, पीळ कायले असते?” आम्ही कान टवकारले. ह्या प्रश्नास 'असंच असते, लिहून घ्या' असें उत्तर आलें असतें तर जवाईबुवांस त्याच रात्रीं फोन करावा लागला असता. परंतु शिक्षक खडू घेऊन उठला. शेजारून दुसरी तार गेली, पंखा फिरला, विजेचा दिवा लागला, कीं त्यांचा गोंगाट ह्या तारेंत शिरतो. दोन तारा पिळलेल्या असल्या म्हणजे तो दोहोंत जवळजवळ सारखा शिरतो. आणि पलीकडचें यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचीत असल्यामुळें सारखा शिरलेला गोंगाट आपोआप वजा होतो. ही युक्ति टेलिफोनवाल्या बेलनें १८८१ सालींच काढली. मूळ बोलणें तेवढें उरतें. तरीहि शंभर मीटरपुढें तांब्याच्या ह्या तारेवर भिस्त ठेवूं नये, कारण बोलणें वाटेंतच क्षीण होतें. वजाबाकीचा इतका सुंदर उपयोग आम्हीं छत्तीस वर्षांत कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत पाहिला नव्हता.

तारेची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. वऱ्हाडास ही विद्या अगदींच नवी नव्हे. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेरा असें करीत नागपुरास पोंचला आणि त्याच्या कडेनें तारेचे खांब उभे राहिले. अमेरिकेंतील यादवीमुळें आमच्या कापसास नुकताच सोन्याचा भाव येऊन गेला होता; लिव्हरपूलच्या बाजाराची हालचाल ज्यास आधीं कळे तो व्यापारी शहाणा ठरे. त्या काळीं तारमास्तर होणें म्हणजे हीच पहिली पायरी चढणें होतें. मुलगा कट्ट-कड शिके, परीक्षा देई, आणि एकदां चिकटला म्हणजे पेन्शनीपर्यंत त्याच्या बोटांना नवें कांहीं शिकावें लागत नसे. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. ती विद्या दीडशें वर्षें टिकली. आतांचा दाखला तीन वर्षें टिकतो हें ऐकून जवाईबुवा म्हणाले, “म्हंजे हा दाखला हाय का मोबाइलचं रिचार्ज?” आम्हांस मात्र ह्यांत लबाडी दिसत नाहीं. यंत्रें बदलतात, त्याबरोबर जाणणाराहि बदलला पाहिजे. लबाडी असलीच तर ती ही गोष्ट फी घेतांना न सांगण्यांत आहे.

दुसऱ्या महिन्यांत पत्त्यांचा भाग आला, आणि वर्गांतील तीस मुलांचीं वीस झालीं. हा भाग ओलांडतांनाच पुष्कळांचा धीर सुटतो असें शिक्षक म्हणाला. भाचीहि दोन रात्री वही मिटून बसली. येथें मात्र आमच्या जुन्या धंद्याचा उपयोग झाला, आणि तो कसा झाला हें जरा विस्तारानें सांगण्याची परवानगी वाचक देतील अशी आशा आहे.

प्रत्येक संगणकाचा पत्ता चार अंकांचा असतो, आणि प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत कोणताहि असूं शकतो. यंत्रास मात्र हे अंक ठाऊक नसतात. त्यास फक्त 'आहे' आणि 'नाहीं' कळतें. भाचीला आम्हीं जुन्या वाण्याच्या दुकानांतील वजनें आठवावयास सांगितलीं. शेर, त्याचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, पुढें अदपाव, पुढें छटाक. तसेंच येथेंहि आठ वजनें आहेत असें समज: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. प्रत्येक वजन एकेकच. तराजूंत एक तर ठेवावयाचें, नाहीं तर ठेवावयाचें नाहीं. ह्या आठांनीं ० ते २५५ मधील कोणतीहि संख्या तोलतां येते, आणि एकाच रीतीनें तोलतां येते. १९२ पाहिजेत? १२८ ठेव, ६४ ठेव, बाकी काढून घे. आमच्या आजोबांच्या पिढीस पावकी-निमकी पाठ असे. त्यांस ही विद्या शिकावयास एक दुपार पुरली असती.

मग वांटणी. १९२.१६८.१०.० असें एक वावर आहे, त्यांत २५६ पत्ते. त्यांतील पहिला पत्ता कोणास देतां येत नाहीं, कारण तें वावराचें नांव. आणि शेवटचाहि देतां येत नाहीं, कारण तो दवंडीचा. त्या पत्त्यावर पाठविलेला निरोप वावरांतल्या सर्वांस ऐकूं जातो. राहिले २५४. आतां चार भावांनीं वांटणी मागितली. प्रत्येकास ६४ पत्ते आले. परंतु प्रत्येक वांटणीस आपलें नांव पाहिजे आणि आपली दवंडी पाहिजे, म्हणून उपयोगाचे ६२. चारांचे मिळून २४८. सहा पत्ते गेले कोठें? भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मामाजी, धुऱ्यांत गेले!” वऱ्हाडच्या ज्या पोरीनें काकांच्या वांटण्या पाहिल्या आहेत तिला ह्याहून अधिक सांगावें लागत नाहीं. वावराचे तुकडे पडले कीं जमीन धुऱ्यांत जाते. आणि शेवटचा अंक ७० असलेला संगणक १३० ला थेट हांक कां मारूं शकत नाहीं? कारण पहिला ६४ पासून १२७ च्या वावरांत राहतो आणि दुसरा १२८ पासून १९१ च्या. मधली शीव ओलांडून निरोप नेणारा निराळा माणूस लागतो. त्याचें नांव राऊटर. पुस्तकांतील चाळीस पानें अशा रीतीनें दोन रात्रींत आटोपलीं. दुसऱ्या दिवशीं हेंच वावर तिनें वर्गांत फळ्यावर मांडलें आणि गळालेल्यांपैकीं तिघे जण परत आले, असें तिनें सांगितलें. इंग्रजी शब्द मुलांस अडवितात असें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. 'सबनेट' हा शब्द कोणीहि पाठ करील. अडवितें तें हें, कीं त्या शब्दामागचें वावर कोणी दाखवीत नाहीं.

वर्गाची खरी पारख झाली ती तिसऱ्या महिन्यांत. शिक्षक सर्वांस बाहेर चहास पाठवी आणि मुलांनीं जोडलेलें जाळें स्वतः बिघडवून ठेवी. परत आल्यावर शोधा. तारेचें टोंक अर्धवट उपसलेलें असे, कोठें एक अंक बदललेला असे, कोठें यंत्राचा एखादा दरवाजाच बंद केलेला असे. बहुतेक मुलें लगेच संगणकावर झडप घालून पत्ते बदलूं लागत आणि एका बिघाडाचे तीन करीत. शोधण्याची रीत निराळी आहे. आधीं तार पाहावी. मग आपल्याच यंत्रास हांक मारावी, मग शेजाऱ्यास, मग शिवेवरच्या राऊटरास, आणि मग पलीकडच्या गांवास. हांकेस ओ जेथून येत नाहीं, बिघाड त्याच्या अलीकडे असावा असें धरून चालावें. ही हांक मारण्याची आज्ञा, जिला 'पिंग' म्हणतात, ती १९८३ सालीं माइक मूस नांवाच्या अमेरिकनानें लिहिली. पाण्याखालील वस्तु शोधण्यासाठीं सोडलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून तिचें नांव पडलें. भाची एके दिवशीं सात मिनिटांत बिघाड शोधून आली. तिनें काय केलें म्हणून विचारलें तर म्हणाली, “कांहीं नाहीं, टेबलाखालीं वांकून पाहिलें.”

ह्यावरून एक गोष्ट आम्ही आईबापांस मुद्दाम सांगूं इच्छितों. पुस्तकी भागासाठीं आज फी देण्याचें फारसें कारण उरलेलें नाहीं. सिस्कोनेंच १९९७ पासून चालविलेल्या अकादमीचे आरंभींचे पाठ फुकट मिळतात, संगणकावरच खोटें जाळें उभारून पाहण्याचें 'पॅकेट ट्रेसर' नांवाचें साधन फुकट मिळतें, खरगपूरच्या आय्. आय्. टी. तील अध्यापकांचीं व्याख्यानें घरबसल्या ऐकतां येतात. फी द्यावयाची ती खऱ्या तारेसाठीं, आणि जाळें बिघडवून ठेवणाऱ्या त्या माणसासाठीं. वर्गांत ह्या दोन गोष्टी नसल्या तर पाटी कितीहि मोठी असो, जिना उतरून खालीं यावें.

परीक्षेस पंधरा दिवस उरले आणि वर्गांत 'डम्प' आला. हा शब्द आमच्या वाचकांस नवा असेल. परीक्षा देऊन आलेल्यांनीं चोरून बाहेर आणलेल्या प्रश्नोत्तरांच्या याद्यांस डम्प म्हणतात. तो वर्गानें विकला नाहीं. बाहेरचा एक जण विकीत होता, किंमत दोन हजार रुपये. जवाईबुवांस हें कळलें तेव्हां त्यांनीं जो हिशेब केला तो हिशेब म्हणून चुकीचा नव्हता. “तीस हजार जाऊन राहिले, दादा. दोन हजारांत पक्के होत अशीन त पोरगी कायले नाही म्हणते?” एका महिन्याच्या पगाराहून मोठी रक्कम पणाला लावणाऱ्या बापास नीतीचा पाठ देण्यास जीभ चटकन् उचलत नाहीं. असें करणाराचा दाखला कंपनी रद्द करूं शकते, एवढें आम्हीं सांगितलें. परंतु त्यांस उत्तर दिलें तें मुलीनें. “बाबा, नोकरी देणारा कागद वाचत नाही. तो बिघडलेलं नेटवर्क समोर ठेवते अन् म्हणते, चालू करून दाखव. अन् पाठ केलेला एक दाखला आपल्या कपाटात हायेच की.” जवाईबुवांनीं फोन ठेवला. त्या रात्रीं त्यांनीं ३०० डॉलरांची फी भरली.

परीक्षा नागपुरास झाली. ह्या परीक्षेची एक अट विचित्र आहे: एकदां उत्तर देऊन पुढें गेलेल्या प्रश्नाकडे परत येतां येत नाहीं. आम्हीं आयुष्यभर मुलांस 'येत नसेल तो प्रश्न सोडा, शेवटीं पाहा' असें शिकविलें. तो सर्व उपदेश येथें निरुपयोगी. भाची अनुत्तीर्ण झाली.

निकालाबरोबर विषयवार टक्के येतात. निरोपांचे मार्ग लावण्याच्या भागास परीक्षेंत सर्वांत अधिक, म्हणजे २५ टक्के वजन आहे. त्यांत ती उत्तम होती. पत्ते, तारा, स्विच ह्यांतहि चांगली. घात झाला तो सुरक्षिततेच्या १५ टक्क्यांत आणि आज्ञावलीनें जाळीं चालविण्याच्या १० टक्क्यांत. हा शेवटचा भाग २०२० च्या अभ्यासक्रमानें नव्यानें आणला. वर्गांत तो 'त्यातून फार येत नाही' म्हणून एका सायंकाळींत उरकला होता. शिक्षक भला होता, परंतु त्यानें स्वतः परीक्षा दिली ती जुन्या अभ्यासक्रमाची. मुलीनें हें सर्व कागदावर मांडून दाखविलें तेव्हां जवाईबुवांनीं चष्मा काढून एवढेंच म्हटलें, “शंभराची पावती अन् पंच्याहत्तरचा माल.”

तेव्हां त्यांच्या मूळ प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें. ते लोक शिकवितात, हें खरें. आणि जें शिकवितात तें मनापासून शिकवितात. परंतु जें त्यांस स्वतःस येत नाहीं तेंहि त्याच किंमतींत विकतात. जवाईबुवांनीं हें उत्तर मान्य केलें कीं नाहीं तें कळलें नाहीं. त्यांनीं विषय बदलून कापसाच्या भावाचें काढलें.

पांच दिवसांनीं पुनः परीक्षेस बसतां येतें, मात्र फी पुनः पूर्ण द्यावी लागते. भाचीनें घाई केली नाहीं. ती अकोल्यास परत गेली. जून २०२२ मध्यें ह्याच रस्त्याचें ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम नोंदविला गेला होता, त्यामुळें तिला घरीं पोंचावयास वेळ लागला नाहीं. पुढचें मात्र सावकाश चाललें आहे. शहरांतील एका ठेकेदाराकडे ती कामास लागली. पगार वर्गाच्या पाटीवरील आकड्याच्या निम्म्याहून कमी. पहिलेंच काम एका खासगी इस्पितळाच्या तीन मजल्यांवर तारा नेण्याचें होतें. छताच्या पोकळींतून तारा ओढावयाच्या म्हणजे शिडीवर चढणें आलें, आणि पदवीधर मुलगी शिडीवर चढते हें आमच्या बहिणीस शेजारपाजारीं सांगवेना. ती 'इस्पितळात नोकरी लागली' एवढेंच सांगे. लोक तिला नर्स समजत, आणि आमची बहीण त्यांस तसें समजूं देई.

ठेकेदारानें एकदां तांब्याची तार एकशें तीस मीटर ताणली. भाचीनें हें चालणार नाहीं म्हणून सांगितलें. त्यानें ऐकलें नाहीं. आठवड्यानें तिसऱ्या मजल्यावरील क्ष-किरण विभागाचीं चित्रें मधूनमधून खालीं पोंचेनाशीं झालीं, तेव्हां मध्यें एक स्विच बसवून तेंच काम पुनः करावें लागलें. त्या महिन्यापासून तिचा पगार दोन हजारांनीं वाढला आहे. राहिलेले पंचवीस टक्के ती रात्रीं फुकटच्या व्याख्यानांवरून वाचते. न समजलें तर आम्हांस विचारीत नाहीं, कारण तो भाग वजनांचा आणि वावरांचा नव्हे, आणि तो आम्हांसहि येत नाहीं.

दुसऱ्या परीक्षेची फी तिनें आपल्या पगारांतून भरली. तारीख तिनें आम्हांस सांगितलेली नाहीं. जवाईबुवांस ती ठाऊक आहे; पैसे त्यांचे नसतांनाहि पावती त्यांनींच आपल्या हिशेबाच्या वहींत डकविली आहे, असें बहीण म्हणत होती.